ओळख जेमतेम, शिफारस भरघोस

वाचकांचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालये उघडली की विभागाच्या दारात शिफारसपत्र मागणाऱ्यांची गर्दी सुरू होते, कारण अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांच्या पुढील वर्षीच्या प्रवेशाच्या मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे याच विषयावरची असल्याने हा स्तंभ पूर्णपणे त्यांना दिला आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची व महाविद्यालयांची नावे गाळली असून मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : नाशिकमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी सहायक प्राध्यापक आहे. मागेच उत्तीर्ण होऊन गेलेला एक विद्यार्थी परवा अमेरिकेतील एम.एस.साठी शिफारसपत्र मागायला आला. तिसऱ्या वर्षाला त्याच्या डिव्हिजनला मी एक विषय शिकवला होता आणि त्या डिव्हिजनमध्ये सत्तरच्या वर मुले होती. चेहरा ओळखीचा वाटला, नाव मात्र त्याने सांगितल्यावर आठवले. त्याने एका कन्सल्टंटकडून तयार करून आणलेला मसुदा माझ्यापुढे ठेवला. मी त्याला चार वर्षे जवळून ओळखते आणि त्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला माझे मार्गदर्शन होते, असे त्यात लिहिले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. आमचे विभागप्रमुख म्हणतात, ‘सही करून टाका, पोराचे भले होत असेल तर आपले काय जाते?’ मी काय करावे?
— एक प्राध्यापिका, गंगापूर रोड

उत्तर : त्या मसुद्यावर सही करू नये आणि मुलाला लगेच वाटेलाही लावू नये. या दोहोंच्या मध्ये बरीच जागा आहे, पण आपल्याकडे ती सहसा कोणी वापरत नाही.

विभागप्रमुखांच्या म्हणण्याचा विचार आधी करू. त्या पत्राने मुलाचे भले होईल हे त्यांनी गृहीत धरले आहे, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. परदेशी विद्यापीठांच्या ऑनलाइन अर्जात पत्र जोडण्यापूर्वी शिक्षकाला बहुधा एक तक्ता भरावा लागतो. विद्यार्थ्याला आपण किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता, हे त्यात सुरुवातीलाच विचारलेले असते. त्यानंतर बुद्धिमत्ता, स्वतंत्रपणे काम करण्याची कुवत, लेखन, चिकाटी अशा गुणांपुढे, आपण शिकवलेल्या विद्यार्थ्यांमध्ये तो वरच्या पाच टक्क्यांत येतो, दहा टक्क्यांत की पंचवीस टक्क्यांत, अशी खूण करायची असते. शेवटी ‘याबद्दल मत देण्याइतकी माहिती नाही’ असाही एक रकाना बऱ्याच ठिकाणी असतो. आपल्याकडे हा रकाना वापरणे म्हणजे विद्यार्थ्याचा अपमान, असा समज रूढ झाला आहे, त्यामुळे सगळ्या गुणांपुढे सरसकट ‘वरचे पाच टक्के’ अशी खूण होते. एकाच महाविद्यालयातून दरवर्षी अशाच खुणा आणि ‘कष्टाळू, जिद्दी, नेतृत्वगुणसंपन्न’ अशाच विशेषणांची पत्रे जाऊ लागली की वाचणारी समिती ती पत्रे बाजूला ठेवून केवळ गुणपत्रकाकडे पाहते. मग ज्या विद्यार्थ्याला पत्राची खरोखर गरज असते, म्हणजे ज्याचे गुण मध्यम पण काम उत्तम आहे, त्याच्या बाजूने बोलायला काहीच उरत नाही. विभागप्रमुखांच्या ‘आपले काय जाते’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे की पुढच्या तुकडीतील मुलांची पत जाते.

प्रोजेक्टच्या मार्गदर्शनाचा खोटा उल्लेख ही याहून गंभीर बाब आहे. मोघम स्तुतीला कोणी पकडू शकत नाही, परंतु मार्गदर्शक कोण होते हे प्रोजेक्ट रिपोर्टच्या पहिल्या दोन पानांवर, प्रमाणपत्रासकट छापलेले असते, आणि तो रिपोर्ट विद्यार्थी स्वतःच अर्जासोबत किंवा मुलाखतीत दाखवतो. अर्जातील माहिती खोटी आढळल्यास प्रवेश मिळाल्यानंतरही तो रद्द करण्याचा अधिकार विद्यापीठे राखून ठेवतात. कन्सल्टंटचे शुल्क तोपर्यंत जमा झालेले असते. विद्यार्थी मात्र परदेशात अडकून पडतो.

आता करायचे काय? ज्याला आपण ओळखत नाही त्याची ओळख करून घेता येते, आणि त्यासाठी अर्धा-पाऊण तास पुरतो. त्याला एखाद्या दुपारी बोलवावे. येताना गुणपत्रके, प्रोजेक्ट रिपोर्ट, स्वतः लिहिलेला एसओपी (शिक्षणाचा हेतू सांगणारे निवेदन) आणि तो अर्ज करत असलेल्या अभ्यासक्रमांची यादी आणायला सांगावी. रिपोर्ट समोर उघडून ठेवावा आणि चार जणांच्या ग्रुपमध्ये त्याने नेमके कोणते काम केले, हे विचारावे. ‘आम्ही केले’ असे उत्तर आले तर ‘तू काय केलेस’ असे पुन्हा विचारावे. पहिल्या आणि दुसऱ्या रिव्ह्यूच्या मधल्या काळात काय बदलले, कुठे अडले होते, ते कसे सुटले, आज पुन्हा करायचे झाल्यास काय वेगळे करशील, हे प्रश्न ओरलला आपण दरवर्षी विचारतोच. फरक एवढाच की बाहेरचे परीक्षक ताटकळलेले नसतात आणि तीस मुलांची बॅच बाहेर उभी नसते. ज्याने काम केले आहे तो दहा मिनिटांत मोकळा होतो, फळ्यावर आकृती काढू लागतो, फसलेल्या गोष्टीही न लाजता सांगतो. ज्याने केलेले नाही त्याचेही दहा मिनिटांतच कळते.

एवढे झाल्यावर आपल्यापाशी प्रत्यक्ष पाहिलेले असे काहीतरी असते, आणि पत्र त्यावर उभे करावे. पहिल्या परिच्छेदात संबंध जसा आहे तसा सांगावा : अमुक वर्षी, सत्तरच्या वर विद्यार्थ्यांच्या वर्गात मी याला अमुक विषय शिकवला, त्या वेळी व्यक्तिशः परिचय फारसा नव्हता, हे पत्र लिहिण्यापूर्वी त्याच्या प्रोजेक्टवर मी त्याच्याशी सविस्तर चर्चा केली. असे लिहिल्याने पत्र कमकुवत होते असे अनेकांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे, कारण ज्याने सुरुवातीलाच आपल्या माहितीची मर्यादा सांगितली त्याच्या पुढच्या वाक्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. दुसऱ्या परिच्छेदात चर्चेत दिसलेली एखादी गोष्ट तपशिलाने लिहावी. एकच पुरते.

आणखी एक मजकूर आहे जो मूळ ओळख नसतानाही आपण अधिकाराने लिहू शकतो आणि जो परदेशी वाचकाला दुसरीकडे मिळत नाही. संलग्न महाविद्यालयात शिक्षक शिकवतो, पण अंतिम प्रश्नपत्रिका विद्यापीठ काढते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांची मुले तीच प्रश्नपत्रिका सोडवतात. त्यामुळे एखाद्या अवघड विषयातील बासष्ट गुण दिसायला साधे वाटले तरी वर्गातील बहुतेक मुले जेमतेम उत्तीर्ण झाली असतील तर त्या बासष्टांचा अर्थ निराळा होतो, आणि तो अर्थ गुणपत्रकावर छापलेला नसतो. आपले महाविद्यालय आता स्वायत्त असेल आणि प्रश्नपत्रिका आपणच काढत असाल, तर तेही एका वाक्यात सांगावे. गुणपत्रकात आधीच असलेले आकडे पुन्हा उतरवून काढण्यात मात्र अर्थ नाही.

मसुद्याबद्दल एक शेवटचे. विद्यार्थ्याकडून मुद्दे घेण्यात काहीच गैर नाही, उलट ते मागून घ्यावेत, कारण त्याच्या कामाच्या तारखा आणि नावे आपल्याला आठवणार नाहीत. तयार वाक्ये घेऊ नयेत. आपल्या इंग्रजीची काळजी वाटून काही शिक्षक कन्सल्टंटचा गुळगुळीत मसुदा स्वीकारतात. साध्या, छोट्या वाक्यांचे आणि क्वचित व्याकरणाची चूक असलेले इंग्रजी पत्र समितीला चालते. तेच गुळगुळीत पत्र तीन वेगवेगळ्या शिक्षकांच्या नावाने एकाच अर्जात आले तर चालत नाही.

चर्चेनंतरही हाती काही लागले नाही, तर नकार द्यावा आणि तो त्याच दिवशी द्यावा. ‘बघू, ये पुढच्या आठवड्यात’ असे म्हणून मुदत उलटू देणे हे खोट्या पत्राइतकेच वाईट आहे.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील असून नाशिकला राहून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. माझ्या प्रोजेक्टसाठी ज्यांनी खरी मेहनत घेतली ते सर सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) होते आणि आता त्यांनी ते महाविद्यालयही सोडले आहे. सगळे म्हणतात की पत्र प्राचार्यांचे किंवा विभागप्रमुखांचेच हवे, लेटरहेडवर आणि शिक्क्यासकट हवे. प्राचार्य मला ओळखत नाहीत. मला दोन पत्रे लागणार आहेत. कोणाकडे जाऊ?
— एक विद्यार्थी

उत्तर : पहिले पत्र त्या सरांचेच घ्या. ज्यांच्यासमोर तुम्ही काम केले त्यांचे पत्र आणि ज्यांनी तुम्हाला स्नेहसंमेलनात पाहिले त्यांचे पत्र यांत निवड करायची वेळ आली, तर पदाकडे पाहू नये. परदेशी समितीला आपल्याकडील पदांची उतरंड फारशी ठाऊक नसते आणि शिक्क्याचे तर तिला काहीच अप्रूप नसते. ‘सर्वांत मोठ्या माणसाची सही’ ही आपली सवय तहसील कचेरीतून आलेली आहे, तिथे ती ठीक आहे.

तासिका तत्त्वावरील शिक्षकांची अडचण खरी आहे आणि तिचा विचार आधीच करून ठेवायला हवा. नेमणूक दरवर्षी नव्याने होत असल्याने त्यांच्याकडे महाविद्यालयाचा ईमेल पत्ता अनेकदा नसतो, आणि शिफारसकर्त्याचा पत्ता संस्थेचा असावा असे पुष्कळ पोर्टल सुचवतात किंवा तशी अट घालतात. सर आता जिथे शिकवत असतील तिथला पत्ता मिळाला तर तो द्यावा. तोही नसल्यास अर्ज करण्यापूर्वी त्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला दोन ओळींचा ईमेल पाठवून वस्तुस्थिती सांगावी व वैयक्तिक पत्ता चालेल का, हे विचारावे. सरांनी पत्रात, आपण त्या वर्षी तिथे तासिका तत्त्वावर शिकवत होतो आणि या प्रोजेक्टचे मार्गदर्शक होतो, असे सरळ लिहावे. काही विद्यार्थी अशा वेळी शिक्षकाच्या नावाने स्वतःच ईमेल खाते उघडतात आणि पत्रही स्वतःच चढवतात. हा सरळसरळ तोतयेपणा आहे. सरांची संमती असली तरी तो तसाच राहतो.

दुसरे पत्र विभागप्रमुखांचे घ्यावे. तुम्ही त्यांच्याकडे एखादा पेपर तरी शिकला असाल, आणि नसाल तर वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे अर्धा तास मागून घ्या. ते सरांच्या मार्गदर्शनाला दुजोरा देणारे एक वाक्य लिहू शकतात आणि त्या वाक्याने दोन्ही पत्रांना वजन येते. प्राचार्यांकडे जाण्याची गरज नाही.

मागण्याची रीतही असते. किमान महिनाभर आधी जावे, सगळ्या विद्यापीठांची नावे, मुदती आणि अभ्यासक्रम एकाच कागदावर लिहून द्यावेत, आणि पोर्टलवरून येणारे सगळे ईमेल एकाच आठवड्यात जातील असे पाहावे, म्हणजे सरांना एकदाच बसून काम उरकता येते. तासिकेच्या मानधनावर घर चालवणारा माणूस तुमच्यासाठी हे सारे बिनमोल करतो आहे, हे विसरू नये.

अमेरिकेच्या अर्जात आणखी एक प्रश्न येतो आणि बरेच जण तो न वाचताच पुढे जातात. तिथल्या १९७४ च्या कायद्यानुसार विद्यापीठात दाखल झालेल्या विद्यार्थ्याला स्वतःची शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे, आणि शिफारसपत्रांपुरता तो हक्क सोडायचा का, असे अर्जात विचारलेले असते. हक्क सोडलाच पाहिजे अशी अट विद्यापीठाला घालता येत नाही. तरीही माझा सल्ला सोडावा असाच आहे, कारण विद्यार्थी वाचणार नाही हे माहीत असताना लिहिलेल्या पत्रावर समिती अधिक विश्वास ठेवते. ज्या शिक्षकाने काय लिहिले असेल याची धास्ती वाटते, त्याच्याकडे मुळात पत्र मागूच नये.

प्रश्न : माझ्या मुलीला आणि तिच्याच ग्रुपमधील एका मुलाला एकाच सरांनी पत्रे दिली व प्रतीही हातात दिल्या. मुलाच्या पत्रात ‘संशोधनाची उत्तम जाण, स्वतंत्र विचार’ असे आहे. मुलीच्या पत्रात ‘शांत, आज्ञाधारक, मनमिळाऊ, नियमित’ असे आहे. प्रोजेक्टचे निम्म्याहून अधिक काम तिने केले होते. सरांचा हेतू वाईट नाही, पण मला हे खटकते. मी फार ताणते आहे का?
— एक पालक, इंदिरानगर

उत्तर : आपण मुळीच ताणत नाही. भूविज्ञानातील पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी आलेल्या १,२२४ शिफारसपत्रांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ५४ देशांतील शिक्षकांनी लिहिलेल्या त्या पत्रांत, स्त्री उमेदवारांना ‘चांगले’ पत्र मिळण्याऐवजी ‘उत्कृष्ट’ पत्र मिळण्याची शक्यता पुरुषांच्या निम्मीच आढळली. लिहिणारे शिक्षक आणि लिहिणाऱ्या शिक्षिका यांच्यात या बाबतीत फरक आढळला नाही. तेव्हा एखाद्या सरांच्या मनात काही आहे असे समजण्याचे कारण नाही.

माझे मत असे की ओळख जितकी पातळ, तितका हा दोष बळावतो. शिक्षकाने मुलीला काम करताना पाहिलेले नसते, आणि मग कागदावर रिकामी राहिलेली जागा भरायला जे शब्द सहज हाताशी येतात ते लिहिले जातात. मुलगी म्हटली की ‘शांत’ आणि ‘नियमित’ आपोआप उतरते, मुलगा म्हटला की ‘स्वतंत्र विचार’. प्रत्यक्षात त्या मुलालाही सरांनी बहुधा तितकेच कमी पाहिलेले असेल. ‘आज्ञाधारक’ हा गुण तर संशोधनाच्या अर्जात जवळजवळ उणाच धरला जाईल.

उपाय मुलीनेच करायचा आहे, आपण सरांकडे जाऊ नये. प्रोजेक्टमधील कोणते भाग तिने स्वतः केले, हे अर्ध्या पानावर लिहून, रिपोर्टमधील पृष्ठक्रमांक देऊन, ‘सर, पोर्टलवर पत्र देण्यापूर्वी याचा उल्लेख करता येईल का?’ असे तिने विचारावे. कोणाशीही तुलना करू नये आणि मित्राच्या पत्राचा विषय काढू नये. बहुतेक शिक्षक अशा कागदाचे स्वागतच करतात, कारण त्यांचे निम्मे काम हलके झालेले असते.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यातील एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या दोन विद्यार्थिनी विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठी अर्ज करणार आहेत. मी याच वर्षी इथे रुजू झालो असल्याने त्यांची माझी ओळख जुलैपासूनची आहे. इतक्या कमी ओळखीवर पत्र देणे योग्य ठरेल का? महाविद्यालयाचा एक ठरावीक नमुना आहे, त्यात नाव आणि पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) तेवढे बदलायचे असते. तो वापरू का?
— एक प्राध्यापक

उत्तर : नमुना वापरू नका. नाव आणि पीआरएन बदलून जे तयार होते त्याला बोनाफाईड म्हणतात आणि ते कार्यालयातील लिपिक अधिक लवकर देतात.

पत्र मात्र जरूर द्या. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, नवी दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन अकादम्या मिळून ही फेलोशिप देतात. त्यातून विद्यार्थ्याला उन्हाळ्यात साधारण दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करायला मिळते. ज्या महाविद्यालयात संशोधनाची प्रयोगशाळा नाही तिथल्या मुलींसाठी हे दार फार मोलाचे आहे, आणि अर्जासोबत शिक्षकाचे पत्र लागते. जुनी ओळख असलेला शिक्षक तिथे आहे का, हे आधी पाहा. असल्यास त्यांनीच लिहावे. नसल्यास चार महिन्यांची ओळख कमी नाही, कारण आपण रसायनशास्त्राचे आहात आणि आपल्या विषयात दर आठवड्याला प्रॅक्टिकल असते. सत्तर मुलांच्या वर्गात भाषण देणाऱ्या शिक्षकापेक्षा वीस मुलांच्या बॅचमध्ये फिरणाऱ्या शिक्षकाला चार महिन्यांत अधिक दिसते.

ते पाहण्याची नजर ठेवा. टायट्रेशनच्या तासाला ब्युरेटची तीन रीडिंग घ्यायची असतात आणि सीबीआर, म्हणजे जुळून आलेले स्थिर रीडिंग, लिहायचे असते. पहिले रीडिंग आले की निम्मी बॅच उरलेली दोन मनानेच लिहून मोकळी होते, ही गोष्ट तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. तिसरे रीडिंग पहिल्या दोनशी जुळले नाही म्हणून जिने फ्लास्क धुऊन चौथे घेतले, जर्नलमध्ये चारही लिहिली आणि सोल्युशन संपले म्हणून लॅब असिस्टंटची बोलणीही खाल्ली, तिच्याबद्दल एवढा एक प्रसंग तारखेसह लिहिला तर पत्र झाले. त्यापुढे ‘मी हिला चार महिने ओळखतो’ हे वाक्य निर्धास्तपणे लिहिता येते. दोघींपैकी एकीबद्दलच असे काही सांगण्यासारखे असेल तर दुसरीचे पत्र आखूड होईल. होऊ द्या. दोघींना सारखीच पत्रे देण्याच्या नादात पहिलीचेही नुकसान करू नका.

अर्जाची मुदत साधारणपणे नोव्हेंबरात संपते. म्हणजे पुढील वर्षासाठी ही निरीक्षणे जुलै-ऑगस्टच्या प्रॅक्टिकलपासूनच टिपायला हवीत. हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर रोल नंबर घालून एक ओळ लिहिली तरी पुरेल. यंदाच्या दोघींना या आठवड्यातच जर्नलसह बोलावून घ्या, आणि पोर्टलवर आपले नाव, पद व ईमेल त्यांच्याकडून बिनचूक भरले गेले आहे ना, हे स्वतः पाहून घ्या.